तायक्वांदो पिंजऱ्यात टिकेल का? एका आईच्या पत्राला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपले पत्र वाचले. आपली कन्या सतरा वर्षांची आहे, नऊ वर्षे तायक्वांदो शिकून तिने ब्लॅक बेल्ट मिळवला आहे आणि आता तिला मिश्र युद्धकलेत, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी सारे चालणाऱ्या एमएमएमध्ये, व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे. ज्या एमएमए जिममध्ये ती चौकशीला गेली तेथील प्रशिक्षकांनी आजवरचे सारे विसरून ये असे सांगितले, तर तिच्या तायक्वांदोच्या गुरूंच्या मते तिला आणखी काही शिकण्याची गरजच नाही. नऊ वर्षे वाया गेली का, पदवीचे शिक्षण थांबवून तिला पूर्णवेळ सराव करू द्यावा का आणि तायक्वांदोच्या स्पर्धा तिने यापुढे खेळाव्यात का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

वर्षे वाया गेलेली नाहीत, परंतु त्या वर्षांत अंगवळणी पडलेल्या काही सवयी तिला मोडाव्या लागतील आणि हे काम नवे तंत्र शिकण्याहून अवघड आहे. प्रहारावर आधारलेली कोणतीही कला ज्या नियमांखाली खेळली जाते त्या नियमांनीच घडत जाते. ऑलिम्पिक पद्धतीच्या तायक्वांदोमध्ये चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, कमरेखाली लाथ चालत नाही, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्यास दंड होतो. धडावरच्या ठोशाला एक गुण, डोक्यावरच्या लाथेला तीन आणि तीच लाथ गिरकी घेऊन मारली तर पाच गुण मिळतात. अशा हिशेबात हात खाली सोडून, शरीर आडवे वळवून उभे राहणे आणि उंच लाथेसाठी तोल पणाला लावणे हेच शहाणपणाचे ठरते, कारण पडलो तरी प्रतिस्पर्ध्याला एकच गुण मिळतो आणि पंच दोघांना पुन्हा उभे करतात. एमएमएमध्ये चार औंसांच्या पातळ हातमोज्यांतून ठोसा थेट जबड्यावर येतो, आडव्या उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या पुढच्या पोटरीवर लाथा बसत राहतात, उंच उचललेला पाय पकडला जातो आणि एकदा खाली पडल्यावर पाच मिनिटांच्या फेरीचा उरलेला सारा वेळ दुसऱ्याच्या वजनाखाली जाऊ शकतो. जिममधील प्रशिक्षकांचा आक्षेप बहुधा या सवयींवर असावा. त्यांनी तो संपूर्ण कलेवर घेतला, हे मला पटत नाही.

हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या एमएमए संघटनेच्या पहिल्या स्पर्धेत सावात ही फ्रेंच लाथ-ठोशांची कला आणि क्योकुशिन कराटे यांत तयार झालेल्या जेरार्ड गोर्डो याने एका महाकाय सुमो मल्लाला तोंडावर लाथ मारून काही क्षणांत बाद केले. त्याच रात्रीच्या अंतिम लढतीत ज्युजित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या कलेत तयार झालेल्या रॉयस ग्रेसीने मात्र गोर्डोला जमिनीवर नेले आणि मागून गळा आवळून शरण यायला लावले. त्यानंतर बराच काळ पारंपरिक कलांची टिंगल झाली. शोतोकान कराटेच्या मुशीतून आलेल्या लियोटो माचिडाने 2009 मध्ये लाइट हेवीवेट विजेतेपद मिळवले तेव्हा ती थोडी ओसरली, पण माचिडाकडे सुमो आणि ज्युजित्सूचेही शिक्षण होते, हे त्याचे नाव घेणारे कराटेप्रेमी फारसे सांगत नाहीत.

आपल्या कन्येने मात्र एमएमए खेळाडू अँथनी पेटिसची कारकीर्द नीट अभ्यासावी. तो तायक्वांदोतून आला. 16 डिसेंबर 2010 रोजी बेन्सन हेंडरसनविरुद्धच्या लढतीच्या शेवटच्या फेरीत त्याने पिंजऱ्याच्या जाळीवर पाय रोवून हवेतून जी लाथ मारली ती आजही दाखवली जाते, आणि तिच्या वयाच्या मुलामुलींना हा खेळ बहुधा अशाच चित्रफितींतून भेटतो. पुढच्या लढती कमी पाहिल्या जातात. सहाच महिन्यांनी क्ले ग्विडाने त्याला वारंवार खाली पाडून गुणांवर हरवले. ऑगस्ट 2013 मध्ये पेटिसने त्याच हेंडरसनकडून यूएफसीचे लाइटवेट विजेतेपद हिरावून घेतले, पण ते पहिल्याच फेरीत लावलेल्या आर्मबारने, म्हणजे कोपर उलटा ताणणाऱ्या पकडीने. गंमत अशी की हेंडरसनही तायक्वांदोचा ब्लॅक बेल्टधारक होता आणि महाविद्यालयात कुस्ती खेळलेला होता, म्हणजे दोन तायक्वांदोपटूंमधील विजेतेपदाचा निकाल जमिनीवर लागला. मार्च 2015 मध्ये राफाएल दोस आंजोसने पेटिसला सतत जाळीकडे रेटत लाथेला लागणारे अंतरच मिळू दिले नाही आणि तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या त्याच्या नावे लिहिल्या. या साऱ्यातून माझे मत असे बनले आहे की लाथ किती चांगली आहे हा प्रश्न नंतरचा. ती मारायला लागणारी जागा आणि उभे राहण्याची मुभा खेळाडू स्वतः मिळवू शकतो का, हे आधी पाहावे लागते.

ज्या कलांच्या नियमांतच पकडीला स्थान आहे त्यांच्या खेळाडूंचे स्थित्यंतर म्हणूनच सोपे जाते. थायलंडच्या मुए थाईमध्ये मान धरून गुडघे मारणे आणि पायांवर लाथा हे रोजचेच असते. वुशू या चिनी युद्धकलेच्या सांडा प्रकारात तर लाथ पकडून प्रतिस्पर्ध्याला फेकण्याला गुण मिळतात. यूएफसीच्या स्ट्रॉवेट या वजनगटाची माजी विजेती झांग वेइली सांडा शिकलेली आहे आणि जून 2024 मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमर वुशूतूनच आली.

आता प्रत्यक्ष करायचे ते. पुढची दोन वर्षे तिच्या सरावाचा निम्म्याहून अधिक वेळ कुस्ती आणि ज्युजित्सूला द्यावा, आणि त्यातही पट काढण्यापेक्षा, म्हणजे पाय धरून दुसऱ्याला पाडण्यापेक्षा, पट वाचवणे, पडल्यावर तत्काळ उठणे आणि जाळीला टेकलेल्या अवस्थेतून सुटणे यांना अग्रक्रम असावा. हात वर राहावेत आणि चेहऱ्यावर येणाऱ्या ठोशाची नजरेला सवय व्हावी म्हणून त्याच्या जोडीला बॉक्सिंग हवे. अंतराचे भान, पुढच्या पायाची चपळाई आणि नेमक्या क्षणी लाथ सोडण्याची वेळ ही नऊ वर्षांची कमाई तिच्याजवळ राहील आणि पडण्याची भीती कमी झाली की ती आपोआप वापरात येऊ लागेल. सुरुवातीचे काही महिने तिला काल आलेली मुलेही खाली पाडतील. नऊ वर्षे शिकून ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या मुलीला हे जड जाते, त्यामुळे त्या काळात घरातून तिच्या हारजितीची चौकशी कमी व्हावी.

जिम निवडताना तेथील भिंतीवरच्या पदकांपेक्षा स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, पाहाव्यात. ज्या जागी सतरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून अनेकदा डोक्यावर पूर्ण ताकदीने मार खाऊ दिला जातो ती जागा, प्रशिक्षक कितीही नामवंत असला तरी, टाळावी. मेंदूला वारंवार बसणाऱ्या लहान धक्क्यांचे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. वजन झपाट्याने उतरवण्यासाठी शरीरातील पाणी काढण्याचा प्रकार या वयात होऊ देऊ नये.

शिक्षण थांबवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. व्यावसायिक लढती वर्षातून मोजक्याच होतात, सुरुवातीच्या मानधनातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, आहार आणि उपचार यांचा खर्च बहुतेकदा भागत नाही आणि गुडघ्याची एक दुखापत पूर्ण वर्ष खाऊ शकते. याउलट दिवसातून दोन सत्रे सराव करून पदवी घेणे शक्य आहे. क्रीडाविज्ञान, फिजिओथेरपी किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी एखादा विषय तिला रुचला तर तो तिच्या खेळालाही उपयोगी पडेल. व्यावसायिक करारापूर्वी तिने आंतरराष्ट्रीय एमएमए महासंघाच्या नियमांनुसार होणाऱ्या हौशी स्पर्धा खेळाव्यात. त्यांत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, नडगीला संरक्षक कवच असते आणि कोपराच्या प्रहारांना बंदी असते. तेथे काही लढती झाल्यावर, तिला खाली पाडू पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर ती कशी उभी राहते हे पाहून, पुढील निर्णय घेता येईल.

तायक्वांदोच्या स्पर्धा तिने यंदा जरूर खेळाव्यात, कारण अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर मन स्थिर ठेवण्याचा सराव दुसरीकडे इतक्या सुरक्षितपणे मिळत नाही. पहिली हौशी एमएमए लढत ठरली की मात्र त्या थांबवाव्यात. एका आठवड्यात हात खाली आणि दुसऱ्या आठवड्यात हात वर अशी सवय शरीराला लागत नाही. हा निर्णय तिने तायक्वांदोच्या गुरूंना स्वतः जाऊन सांगावा आणि लाथांच्या सरावासाठी आठवड्यातून एक दिवस त्यांच्याकडे येण्याची परवानगी मागावी.