राजीनामा जरा थांबू दे

प्रिय बाळ,
येशूच्या नावाने सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मोबाइलवर एवढं टाइप करायचं माझ्या बोटांच्या जिवावर येतं, म्हणून वहीच्या पानांवर लिहितेय. नातू फोटो काढून पाठवेल. त्याने मध्येच वाचून हसू नये एवढंच.

जूनमध्ये राजीनामा देणार, पेटी (हार्मोनियम) आणि ख्रिस्ती कीर्तनाला वाहून घेणार, असं तू लिहिलंयस. पुढे लिहितेस, ‘मावशी, बोलावणं आलं तेव्हा तुम्हीसुद्धा सगळं सोडलंत ना?’ अगं, मी काय सोडलं? अठ्ठावन्न पूर्ण झाली, नियमाप्रमाणे रिटायर झाले. पेन्शनचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते आणि दुपारी दोन ते पाच करायचं काय, हे कळत नव्हतं. चौतीस वर्षं नर्स म्हणून नाइट ड्यूटी केलेल्या बाईला दुपारची झोपही येईना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा एक म्हातारे कीर्तनकार होते. उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात वाड्यावस्त्यांवर जायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, वही दिसायची नाही. पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीने, मला त्यांच्यामागे बसवलं, ओळी कानात सांगायला. तिसऱ्या संध्याकाळी पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचं निरूपण, झाला, आख्यान म्हणजे गोष्ट सुरू झाली आणि काकांना दम लागला. छातीचा आवाज ऐकूनच मला कळलं की आता गाणं होणार नाही. त्यांना टेकवून बसवलं, खिडकी उघडली, नाडी बघितली. समोर साठ-सत्तर माणसं. उरलेली गोष्ट मी सांगितली. गायले नाही, सांगितली फक्त. वॉर्डात नातेवाइकांना सांगतात तशी, हळू आणि स्पष्ट. झालं ते एवढंच. ना आभाळातून वाणी, ना अंगावर काटा. घरी येऊन उरलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि झोपले.

पुढच्या आठवड्यात एका वस्तीवरून निरोप आला, ‘त्या सिस्टरबाईंना पाठवा.’ बोलावणं म्हणशील तर ते हे. माणसाच्या तोंडून आलेलं, आणि तेही एसटीच्या भाड्याची बोलणी करत.

मग शिकणं आलं. साठीला टेकलेल्या गळ्याने पेटीच्या काळी एक पट्टीत सा लावायचा म्हणजे शेजाऱ्यांची परीक्षा. काका बाजेवर पडून शिकवायचे. साकी, दिंडी, ओवी, कटाव, ही कीर्तनातली वृत्तं. दिंडीच्या एका चरणाच्या मात्रा एकोणीस, नवावर थांबायचं आणि मग दहा. मी घड्याळ समोर ठेवून मोजायची, सलाईनचे थेंब मोजतात तशी. काका म्हणाले, ‘बाई, हे थेंब नव्हेत, श्वास घ्या.’ ते कळायला मला आठ महिने लागले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना बाईने झांज घेऊन उभं राहणं पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पहिल्या रांगेत बसून ते नापसंती दाखवतात, पण चुकवत मात्र नाहीत.

मी स्वतः बांधलेलं पहिलं आख्यान रक्तस्रावी स्त्रीचं. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली, बारा वर्षं दुखणं सोसलेली. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना सगळे धावत येशूच्या वस्त्राच्या गोंड्यापाशी पोचतात: ती वस्त्राला शिवली, बरी झाली, हालेलुया. मी गोंड्यापाशी यायला चाळीस मिनिटं घेते. बारा वर्षं रोज धुवायचे कपडे. ते कुठे वाळत घालायचे, कोणाच्या नजरेआड. तो वास. अशक्तपणाने पायऱ्या चढताना पिंढऱ्या कशा थरथरतात. खालच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक पडलेल्या अशा बायका मी किती बघितल्यात, मोजल्या नाहीत. आणि एक गंमत: मार्क वैद्यांना चांगलंच झोडपतो, त्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसलं आणि उलट दुखणं वाढलं म्हणतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक, तो परंपरेने वैद्य मानला जातो. तीच गोष्ट सांगताना तो कोणाला बरं करता आलं नाही एवढ्यावर आवरतं घेतो. हे सांगितलं की बायका खदखदून हसतात आणि लगेच पुढच्या पदाला रडतात. नर्स नसते तर हे आख्यान मला सुचलं नसतं. चौतीस वर्षं वाया गेली, खरं काम नंतर सुरू झालं, असं कोणी माझ्याबद्दल चर्चमध्ये साक्ष देताना बोललं की मला राग येतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तू दिलंयस, तेही जरा नीट बघ. जन्म 1868चा. शाळा नाही; वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ही बाई त्यांच्यामागे गेली नाही. वर्षानुवर्षं वेगळी राहिली, रडली, चिडली, आणि स्वतःला पटलं तेव्हा, 1900 साली, तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला बोलावणं आलं म्हणून आपल्यालाही आलं, असं तिने धरलं नाही. मला तिचं हे फार आवडतं. 1919मध्ये टिळक गेले. त्यांचं येशूच्या चरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, त्यांच्या हातचे दहा-अकरा अध्याय. बाई पन्नाशी ओलांडलेली. पुढचे साठाहून जास्त अध्याय तिने लिहिले. आणि तिचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934पासून छापून येऊ लागली तेव्हा ती सहासष्टची होती. त्यातलं पान कुठलंही उघड. सोवळ्यात घालवलेलं लहानपण, हरवलेले पैसे, कोणाला तरी घरी घेऊन येणारा नवरा. घर चालवलेल्या बाईलाच ते लिहिता येतं.

तिच्याही कितीतरी आधीचे धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडात जन्मलेला माणूस, 1579मध्ये गोव्यात उतरला. त्याचं मराठी काव्य ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं 1616मध्ये. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मधली सदतीस वर्षं तो गोव्यातल्या साष्टी भागात माणसांत वावरला, त्यांची भाषा कानात साठवत. त्याला कोणी विचारलं असेल का, ‘फादर, तुमची कला कुठवर आली?’

तुला राजीनामा देऊ नकोस असं मी सांगत नाही. तू चोवीस वर्षांची आहेस, पगार तुझा, आयुष्य तुझं. पण तुझ्या मेसेजमध्ये ‘मी’ एकवीस वेळा आलंय (मोजले, सवय जात नाही). माझं मन, माझी कला, माझं बोलावणं. तुझी वाट बघणारं एकही माणूस त्यात मला दिसलं नाही. असं माणूस भेटलं का? कुठल्या वस्तीवर, कुठल्या घरात? भेटलं असेल तर नाव कळव, मग मी गप्प बसते.

दुसरं, ऑफिसात काय करतेस ते मला कधी नीट सांगितलंच नाहीस. कंटाळवाणं आहे म्हणतेस. रात्री दोनला परदेशातल्या माणसाचा आरडाओरडा शांतपणे ऐकून घेतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. ते आख्यानात कामाला येणार आहे, लिहून ठेव. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना जागं राहता आलं नाही, आणि इथे तू रोज जागतेस. या जागरणावर कोणी पद बांधलेलं निदान मी तरी ऐकलं नाही.

आणि पेटीवर हात चांगला आहे तुझा, पण तू गाणाऱ्याच्या पुढे धावतेस. गेल्या नाताळात मी श्वास घेत होते आणि तू पुढच्या ओळीवर पोचलीस. याचा राग नाही, काकांनी मला आठ महिने सोसलं.

येत्या शनिवारी राहुरीच्या बाजूला एका वस्तीवर स्मरणार्थ भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, आहे. घरातली सून गेली, तीस वर्षांची. ते रक्तस्रावी स्त्रीचंच आख्यान मागताहेत, आणि ती बाई बरी झाली हे त्या घरात कसं सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. पेटीवाला त्या दिवशी लग्नाला जाणार आहे. तुला शनिवारी सुट्टी असते ना? सकाळी पुण्याहून निघालीस तर जेवायला माझ्याकडे पोचशील. सव्वादोनची एसटी आहे, परतीचा भरवसा नाही, पांघरूण घेऊन ये.

तुझी,
सिस्टर मावशी