हिंजवडीच्या ऑफिसातल्या सगळ्या पीसींच्या डेस्कटॉपवर सुट्ट्यांची यादी ग्रुप पॉलिसीने (सगळ्या पीसींना एकाच ठिकाणाहून सेटिंग्ज लावायची विंडोजची सोय) कशी टाकायची?

लॉगऑन स्क्रिप्टची (लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या कमांड्सची) गरज नाही. ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कंप्युटर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, विंडोज सेटिंग्ज, फाइल्स इथे नवीन आयटम करा. सोर्समध्ये शेअरचा (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरचा) पूर्ण नेटवर्क पाथ द्या, मॅप केलेला ड्राइव्ह चालणार नाही. डेस्टिनेशनमध्ये एफ३ दाबून ‘कॉमनडेस्कटॉपडिर’ (पीसीवरच्या सगळ्या युजर्सचा सामायिक डेस्कटॉप) निवडा आणि पुढे फाइलचं नाव एक्स्टेन्शनसकट लिहा. नुसता फोल्डर देऊन भागत नाही.

बहुतेकांचं अडतं ते परवानगीत. फाइल इथे युजर नाही, मशीनचं खातं वाचतं. म्हणून शेअरची परवानगी आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची) परवानगी, दोन्हीकडे ‘डोमेन कंप्युटर्स’ला (डोमेनमधल्या पीसींच्या खात्यांचा गट) रीड हवंच. नसेल तर त्या पीसीच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये ४०९८ क्रमांकाचा इव्हेंट ‘ॲक्सेस डिनाइड’ दाखवतो. आधी तोच बघा.

आयटमच्या ॲक्शनमध्ये ‘रिप्लेस’ ठेवलंत तर दर ९० ते १२० मिनिटांनी फाइल पुन्हा उतरते. छोट्या पीडीएफला ठीक, पण मोठी फाइल असेल तर ‘क्रिएट’च (फाइल नसेल तेव्हाच टाकणारा पर्याय) घ्या.