राखेच्या खडकातली घरे

प्रश्न : तुर्कस्तानातील कप्पादोकिया पाहण्याचा आम्हा पती-पत्नींचा विचार आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आम्ही अनेकदा पाहिली आहेत. मग खडकात कोरलेलेच पाहण्यासाठी एवढ्या लांब जावे का? आम्ही साठी ओलांडली असून माझे गुडघे कुरकुरतात. तिथली भुयारी नगरे झेपतील का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जरूर जावे, कारण तिथला दगडच निराळा आहे. आपला सह्याद्री बेसाल्टचा; जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराच्या खांबावर हात ठेवला, की हा कातळ फोडताना छिन्न्या किती झिजल्या असतील, याची कल्पना येते. कप्पादोकियात ज्वालामुखीची राख साचून, घट्ट होऊन तयार झालेला टफ हा मऊ खडक आहे. तो साध्या हत्यारानेही कोरता येतो आणि हवा लागली की वरून टणक होतो. त्यामुळे आपल्याकडे भिक्षूंसाठी दानशूरांच्या पैशातून लेणी झाली, तर तिथे साध्या शेतकऱ्यानेही डोंगराच्या पोटात स्वयंपाकघर, कोठार आणि तबेला खोदून घेतला, एवढेच नव्हे तर कबुतरांसाठी खुराडीही कोरली, कारण त्यांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून लागत असे. काही सुळक्यांच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला काळा दगड दिसेल, तो मात्र आपलाच बेसाल्ट! त्याच्या आडोशाची राख टिकते, भोवतालची पावसाने वाहून जाते.

गोरेमे येथील कोरीव चर्च चुकवू नयेत. १९८५ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. तेथील ‘अंधाऱ्या चर्च’मध्ये उजेड फारच कमी शिरल्यामुळे भित्तिचित्रांचे रंग अजून ताजे आहेत.

आता गुडघ्यांविषयी. डेरिनकुयूचे भुयारी नगर सुमारे ८५ मीटर खोल असून त्यातील जिने अरुंद आहेत. बराच वेळ कमरेत वाकून, पुढच्या माणसाच्या पाठीमागे चालावे लागते. आपण तो मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कायमाक्ली या दुसऱ्या भुयारी नगरातही वाकावे लागतेच, पण वरचा मजला पाहून परतायचे आहे, असे मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवावे. शत्रू आल्यास वाट बंद करण्यासाठी वापरली जाणारी जात्यासारखी दगडी चाके तेवढी आवर्जून पाहावीत.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. बलूनची फेरी पहिल्याच पहाटेस ठरवावी, म्हणजे वाऱ्यामुळे रद्द झाली तरी दुसरा दिवस हाताशी राहील. आणि निघण्यापूर्वी भाज्याच्या पायऱ्या एकदा चढून पाहाव्यात. उतरताना गुडघे काय म्हणतात, त्यावर पायवाटांचा बेत आखावा.