राजीनामा कपाटातच ठेवा, ताई

प्रश्न: यजमान पोलीस हवालदार, भरती 2003 ची. 47 दिवस न कळवता गैरहजर राहिले म्हणून निलंबित आहेत, डीई म्हणजे खात्याची चौकशी लागलीय. दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, पण खात्यात सांगितलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात लपवल्यात. आता राजीनामा देतो म्हणतात. जीपीएफचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे 9 आणि ग्रॅच्युइटीचे 9 लाख येतील. एजंट सांगतो, वर्षाला 1 लाख 20 हजार दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी 24 लाख गॅरंटीड. घेऊ का? भाऊ म्हणतो, केस केली तर खातं 25 लाख भरपाई देईल.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: पॉलिसीचं आधी उरकतो. भरलेल्या 12 लाखांचे 24 व्हायला प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे व्याज जेमतेम साडेचार टक्के. ज्या जीपीएफमधून हे भरणार, तिथे 7.1 टक्के मिळतात. एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा. भावाचे 25 लाख हिशेबात शून्य धरा.

खरा खड्डा राजीनाम्यात आहे. राजीनाम्यानं मागची सगळी सेवा बाद होते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. तुमचे 18 लाख तिथेच 9 झाले. यजमान नोव्हेंबर 2005 च्या आधीचे, जुन्या पेन्शनवाले. मूळ पगार 50 हजार धरला तर पेन्शन 25 हजार, 30 वर्षांचे 90 लाख, महागाई भत्ता सोडून. स्वेच्छानिवृत्ती मागता येते, पण डीई चालू असताना खातं ती नाकारू शकतं.

आता तो तांदळाचा डबा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4) सांगतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही, काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. मानसिक आजारही यात बसतो. 2021 च्या धारीवाल निकालात सुप्रीम कोर्टानं सीआरपीएफच्या अधिकाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाईच भेदभाव म्हणून रद्द केली. आजार हेच वागण्याचं एकमेव कारण असायला हवं असं नाही, असंही कोर्ट म्हणालं. पण त्या अधिकाऱ्याच्या आजाराची नोंद सरकारी दवाखान्यात होती. तुमची डब्यात आहे. जे खात्याला कळवलंच नाही, त्याचा जाब खात्याला कसा विचारणार?

याच आठवड्यात सिव्हिलमध्ये तपासणी, अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज, आणि मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सेवाविषयक केसेस चालवणारा वकील. निलंबनाला तीन महिने झाले असतील तर निर्वाह भत्ता वाढवण्याचा अर्जही लेखी द्या. चौकशी अधिकाऱ्याला चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सच द्या, मूळ नाही, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.