ड्रेडलॉक्स आधी फुगतात, मग बसतात

मागच्या अंकात ड्रेडलॉक्स, म्हणजे केस मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा, कसे करतात यावर चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात पत्रांचा ढीगच आला, त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर, की ताई जाडी बदलतीय, हे बरोबर चाललंय का काहीतरी बिघडलंय. माझ्या स्वतःच्या डोक्यावर नऊ वर्षं झाली लॉक्स आहेत, सोलापुरात बऱ्याच पोरापोरींचे मी केलेतसुद्धा, त्यामुळं यावेळी सगळा कॉलम यालाच देते.

प्रश्न : ताई, मी विजापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. सात महिन्यांपूर्वी पुण्याला जाऊन ड्रेडलॉक्स करून घेतले, एकूण ४८ आहेत. केले तेव्हा पेन्सिलीएवढे एकदम नीट होते, आता अंगठ्याएवढे झालेत, कुठं गाठ कुठं पोकळ, सगळे वेडेवाकडे. लांबीपण कमी झाली, खांद्याला लागायचे ते आता मानेवर आलेत. आई म्हणते काढून टाक. असेच जाड होत गेले तर दोन वर्षांनी काय होईल? परत घट्ट करून घेऊ का?

उत्तर : अरे बाळा, थांब. काढू नको आणि आत्ता घट्टही करून घेऊ नको. तुझं काहीही बिघडलेलं नाही, उलट जे व्हायला पाहिजे तेच होतंय.

पहिल्या दिवशी जो पेन्सिलीसारखा लॉक दिसतो ना, तो खरं म्हणजे लॉक नसतोच, ती हातानं बसवलेली बट असते. मागं विंचरून, पिळून, क्रोशेच्या सुईनं आत ओढून ती तेवढ्यापुरती घट्ट केलेली असते. मग तू डोकं धुतोस, झोपतोस, हेल्मेट घालतोस, आणि केस आपापल्या मनानं हलायला लागतात. केसाच्या वरच्या थराला कौलांसारखे बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, केस वळसे घेतो, आत शिरतो, बाहेर येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते वर्षाच्या आसपासपर्यंत हा गोंधळ चालतो आणि त्यात लॉक फुगतो. लांबी कमी होते ती यामुळंच, केस कुठं गेलेला नसतो, सरळ होता तो आत वळसे घेऊन बसला. लांबी पाव ते तृतीयांश कमी झाली तरी घाबरायचं कारण नाही, कारण वरून दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस वाढतोच आहे.

मग हे बसतं कसं, तर गादीचं उदाहरण घे. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून गादी भरून आणली की पहिले काही दिवस ती फुगून टम्म असते, बसलं की माणूस आत जातो. वर्षभर झोपलं की तीच गादी बसते, पातळ होते, कडक होते. कापूस तेवढाच, मधली हवा गेली. तुझ्या लॉकमध्ये आत्ता हवा जास्त आहे. साधारण दीड-दोन वर्षांत ती निघत जाते, आपले सरळ किंवा हलके कुरळे केस असतील तर अजून वेळ लागतो. आफ्रिकी वळणाचे केस मुळातच स्प्रिंगसारखे असतात म्हणून ते लवकर धरतात, त्यांचे फोटो बघून आपला हिशोब लावू नको.

आता खरं कळण्याची खूण सांगते. एक लॉक मधोमध दोन बोटांत धर आणि दाब. दबून चपटा होत असेल, आत काही लागतच नसेल, तर तो अजून कच्चा आहे. दाबल्यावर आत सुंभासारखं टणक लागलं की तो बसायला लागला. हे सगळ्या डोक्यावर एकदम होत नाही, मानेजवळचे झोपेत उशीला घासतात म्हणून ते बहुतेक आधी बसतात, कपाळावरचे आणि टाळूवरचे मागून. एकाच लॉकमध्येसुद्धा टोक, मधला भाग आणि मूळ वेगवेगळ्या वेळेला बसतं, मुळाजवळचे दोन-तीन सेंटिमीटर तर कायम नवीनच असणार, केस तिथून येतोय ना.

शेवटी लॉक केवढा राहणार हे ठरतं तुझ्या टाळूवर आखलेल्या चौकोनावर. त्या चौकोनात जेवढे केस उगवतात तेवढाच माल. डोक्यावर साधारण एक लाख केस धरले तर ४८ लॉक्समध्ये प्रत्येकी दोन हजारच्या आसपास केस आले. म्हणजे तुझा लॉक बसल्यावर आजच्यापेक्षा बारीक होईल पण पहिल्या दिवसाएवढा पेन्सिलीसारखा राहीलच असं नाही, कारण एक गोष्ट त्यात भरत राहते, गळलेले केस. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच, इतरांचे कंगव्यात येतात, तुझे लॉकमध्येच अडकून राहतात. ४८ लॉक्सला रोजचा एक-दोन केस म्हणजे वर्षाला काही शे. म्हणून जुने लॉक्स दिसायला बारीक पण हाताला जड लागतात.

तुला शंका राहू नये म्हणून एक काम कर. पुढचा एक, टाळूवरचा एक, मागचा एक असे तीन लॉक ठरव. महिन्यातून एकदा पूर्ण कोरडे असताना टोकापासून चार बोटं वर शिवणाचा दोरा एकदा गुंडाळ, खूण कर, पट्टीवर मोज आणि वहीत लिहून ठेव. आरशात रोज बघून काही कळत नाही, वहीत कळतं. माझ्या वहीत पुढच्या लॉकचं माप सहाव्या महिन्याला ५२ मिलिमीटर होतं आणि तिसऱ्या वर्षी ३६. आईला हा हिशोब दाखव, मी अशा बऱ्याच आया बघितल्यात, नीट समजावून सांगितलं की ऐकतात.

तोपर्यंत करायचं एवढंच की आठवड्यातून एक-दोनदा साध्या, कंडिशनर नसलेल्या शॅम्पूनं टाळू धुवायची आणि धुतल्यावर मुळाशी लॉक एकमेकांपासून वेगळे करायचे, बोटांनी, हळू. हे केलं नाही तर शेजारचे दोन एकमेकांत गुंततात आणि मग खरोखरच जाड होतात, तेवढ्या एका जाडीची काळजी कर. बोअरच्या पाण्यानं धुतलंस तर फेस पूर्ण निघून जाईपर्यंत जास्त वेळ खळखळून धू, कारण जड पाण्याचा साका आत बसतो. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहितीये, तरीपण शेवटचे दोन मग नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घे.

प्रश्न : माझ्या लॉक्सना चार वर्षं झाली. कानशिलाजवळचे दोन मुळाशी इतके बारीक झालेत की दोऱ्यासारखे वाटतात, खाली मात्र जाड आहेत. दर पंधरा दिवसांनी मी मुळं पिळते. वय ३४, बाळंतपणाला आठ महिने झालेत.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पिळणं आजपासून बंद. हे मी फार कळकळीनं सांगतेय कारण माझा स्वतःचा उजव्या कानशिलावरचा लॉक असाच गेला. तिसऱ्या वर्षी मला मुळं नेटकी दिसायला पाहिजे होती म्हणून मी दर आठवड्याला पिळायचे, वर घट्ट अंबाडा घालायचे, आणि एक दिवस आंघोळ करताना तो लॉक हातात आला, मुळाशी फक्त सात-आठ केस धरून होते.

जाडी दोन प्रकारे कमी होते. मधला भाग बसून कमी झाला तर चांगलं, तिथं दाबलं की टणक लागतं. मुळाशी कमी झाली तर ते बसणं नाही, तिथले केसच कमी झालेत. सतत ओढ बसली की मुळं आधी सैल होतात, मग तिथून केस येणंच थांबतं, आणि उशीर झाला तर ते परत येत नाही. तुमच्या बाबतीत बाळंतपणानंतरची गळती पण त्यात मिसळली असणार, ती साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्याला जोरात असते आणि बाळाच्या वर्षापर्यंत बहुतेकींची थांबते. टाळूवर बोटाच्या पेराएवढी नवीन लव दिसतीये का बघा, दिसत असेल तर चांगली खूण आहे.

ते दोन बारीक लॉक शेजारच्या जाड लॉकला मुळाशी जोडून घेता येतात, दोनाचा एक, म्हणजे वजन वाटलं जातं. ओढ लागेल असा अंबाडा नको, रात्री मोकळे सोडा. टाळूवर चकचकीत गुळगुळीत डाग दिसत असेल तर मात्र जोडाजोडी नंतर, आधी त्वचारोग डॉक्टर.

प्रश्न : लॉक्समध्ये पांढरं पांढरं अडकलंय, कोंडा आहे का? पार्लरमध्ये जाडी सारखी ठेवायला मेण लावून दिलं होतं.

उत्तर : कोंडा टाळूवर असतो, हे लॉकच्या आत आहे म्हणजे बहुतेक टॉवेलची लव. आपल्या सोलापूरचा नवा कोरा टॉवेल सुरुवातीला लव सोडतोच, पाच-सहा धुण्यांनंतर सोडत नाही. जुना टॉवेल किंवा जुनं सुती धोतर वापरा. मेण कोणी लावलं असेल तर पुन्हा लावू देऊ नका, त्यानं जाडी सारखी होत नाही, फक्त केस चिकटून राहतात, धूळ धरतात, आत ओल राहते आणि पावसाळ्यात कुबट वास सुटतो. लावलेलं मेण गरम पाणी आणि शॅम्पूनं हळूहळूच निघेल, वेळ लागतो.

प्रश्न : माझी आजी अक्कलकोट तालुक्यात असते. तिला वीस वर्षांपासून जट आहे, यल्लम्माची म्हणतात. दरवर्षी जाड होत चाललीय आणि गावातल्या बायका म्हणतात देवी वाढतेय. तुमचे ड्रेडलॉक्स आणि ही जट एकच का? मग तिची का बसत नाही?

उत्तर : हा प्रश्न वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते.

केसाचं शास्त्र एकच आहे, फरक हाताळण्यात. मी टाळू धुते, लॉक वेगवेगळे ठेवते, आतपर्यंत वाळवते. आजीची जट कोणी विंचरत नाही, धूत नाही, वर मंगळवारी-शुक्रवारी हळदकुंकू आणि तेल. गळलेला केस तिथंच, शेजारचे केस ओढून आत, हळद, तेल, धूळ, घाम, सगळं एकाच गठ्ठ्यात. वीस वर्षं असंच चाललं की ती जाड होणारच. देवी वाढत नाही, गुंता वाढतो. वैद्यकात याला प्लिका पोलोनिका म्हणतात, पोलंडच्या नावावरून, कारण तिकडं शेकडो वर्षं लोक अशी जट बाळगायचे आणि कापली तर आजार होईल म्हणून घाबरायचे. तिथं कुठं आली यल्लम्मा? १९व्या शतकात क्राकोवच्या योझेफ डिटल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली.

आपल्याकडं या जटेपायी कितीतरी पोरी देवीला सोडल्या गेल्या. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, पण भीती कायद्यानं एका दिवसात जात नाही, म्हणून आजीवर जबरदस्ती नको. तिला आधी विचार, मान दुखते का, एका कुशीवर झोपता येतं का, आत खाजतं का. बहुतेक बायका हे कोणी विचारलं की रडतात, कारण वीस वर्षांत कोणी विचारलेलंच नसतं. तयार झाली तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरी येऊन बोलतात, जट कापूनही देतात, पैसे घेत नाहीत. कापल्यावर टाळूवर जखम किंवा उवा निघाल्या तर डॉक्टरला दाखव.

आणि त्या दिवशी तू तिच्याजवळ थांब. मी एकदा अशा वेळी हजर होते, जट कात्रीखालून सुटली तेव्हा त्या मावशींनी पहिल्यांदा मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, आणि मग टाळूवर हात ठेवून म्हणाल्या, वारं लागतंय गं.