टी-५५ रणगाड्याचं मॉडेल खेळण्यासारखं न दिसता लढाईतून आल्यासारखं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की १:३५ चा (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) टी-५५ जोडून झालाय, एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन) नाहीय, कोल्हापुरात पाऊस थांबायचं नाव घेत नाहीय आणि रणगाडा १९७१ च्या पश्चिम आघाडीवरचा वाटायला पाहिजे. मीपण कोल्हापूरचाच, त्यामुळं इथं काय मिळतं आणि काय चालतं तेवढंच सांगतो.

आधी थिनर. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा एनसी थिनर हातात पडतं, ते मॉडेलच्या प्लास्टिकला लागलं की प्लास्टिकच विरघळायला लागतं, वेल्डिंगच्या बारीक रेषा सगळ्या सपाट. 'एमटीओ' म्हणून मागा, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. हिरवा बेस अ‍ॅक्रिलिकचा ठेवायचा, तो नीट वाळला की त्याच्यावर एमटीओमध्ये पातळ केलेला ऑइल कलर बिनधास्त फिरवता येतो, खालचा थर उठत नाही. सगळा खेळ याच्यावरच आहे.

स्प्रे कॅन मात्र या हवेत नकोच. सॉल्व्हंट भरकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्याच्यावर बसून पांढुरकी झाक येते. ब्रशनंच मारा, पातळ दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. हिरवा जरा फिकटच घ्या कारण पुढचं सगळं काम त्याला काळपटच करणार आहे. मग ग्लॉस वार्निश, मग डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे), परत वार्निश. ग्लॉस अशासाठी की वॉश (म्हणजे तोच एमटीओत पातळ केलेला ऑइल कलर) खाचेतनं सरकत जातो आणि जास्तीचा पुसता येतो, मॅटवर लावला तर जिथं टेकला तिथंच डाग धरतो.

वॉश काळा करू नका, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घ्या. ऑइल कलर थोडा वेळ पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा त्यातलं तेल पितो आणि रंग मॅट वाळतो. बारीक ब्रशच्या टोकानं झाकणांच्या कडेला, बोल्टभोवती नुसता टेकवायचा, बाकीचं तो आपोआप करतो.

आता खरा मुद्दा. नवीन माणूस सगळीकडं सारखा चिखल आणि सारखा गंज फासतो आणि रणगाडा भंगारातला वाटतो. हात लावायच्या आधी एकदा साइटवर पोकलेन बघून या, खरंच. चेनचा जो भाग जमिनीला घासतो तो चांदीसारखा चमकतो, आतल्या खाचांत माती कोंबलेली असते, आणि चालत्या मशीनच्या चेनवर भडक नारिंगी गंज जवळपास नसतोच. मॉडेलवर हेच करायचं, पट्टे गडद तपकिरी रंगवून वाळले की उंचवट्यांवर ६बी पेन्सिल घासायची. गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यासुद्धा बघा, चिखल खालून वर उडालेला असतो, वाळलेला फिकट आणि ओला गडद, एकाच मडगार्डवर दोन्ही.

टी-५५ पुरतं सांगायचं तर ड्रायव्हर पुढं डावीकडं बसतो, त्यामुळं बुटांनी रंग उडालेला त्याच्या झाकणापाशी जास्त दाखवा. पॅकिंगच्या फोमचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि हलका टेकवायचा. धुराड्याचं तोंड डाव्या मडगार्डवर मागच्या बाजूला आहे, काजळी तिथंच, दोन्हीकडं नको. याला पट्टा वरून उचलून धरणारी छोटी चाकं नसतात, पट्टा मोठ्या चाकांवरच लोळतो, तो झोळ दिला नाही तर जाणकार माणूस तिथंच ओळखतो. रबरी पट्टा असेल तर चाकांच्या माथ्यावर चिकटवून टाका.

मातीबद्दल आपल्याकडं हमखास घोळ होतो. पन्हाळ्याच्या वाटेवरची तांबडी माती दिसायला झकास, पण पंजाबच्या मैदानातल्या रणगाड्यावर तिचं काय काम? तिकडची गाळाची, फिकट राखाडी-तपकिरी. शिवाय १:३५ मध्ये १ मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड झाला. त्यापेक्षा ड्राय पेस्टलच्या कांड्या सँडपेपरवर घासून पूड करा, फिकट तपकिरी आणि राखाडी मिसळून, कोरडीच लावा आणि ब्रशच्या टोकानं एमटीओचा थेंब सोडा म्हणजे धरून राहते. खाली जास्त, वर जात जात कमी, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) जवळपास धूळच.

बारीक चिमटा आणि कानस गुजरीच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथं बघा. एअरब्रश घ्यायचा विचार असेल तर आधी कुंभार गल्लीत गणपती रंगवणाऱ्यांचा हात बघत उभं राहा, अंतर आणि प्रेशर तिथं जेवढं कळतं तेवढं व्हिडिओत कळत नाही (श्रावणात मात्र त्यांना प्रश्न विचारू नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते).

आणि जमलं तर नगरला कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. तिथले रणगाडे रंगवून नीटनेटके ठेवलेले असतात, त्यामुळं धुळीचा अभ्यास तिथं होणार नाही, पण चाक माणसाच्या कुठवर येतं आणि ओतीव टरेट किती खडबडीत असतो हे डोळ्यात बसतं. तो खडबडीतपणा आणायला टरेटवर लिक्विड सिमेंटचा (प्लास्टिक मऊ करून जोडणाऱ्या मॉडेलच्या पातळ गोंदाचा) हात मारायचा, प्लास्टिक मऊ आहे तोवर राठ ब्रशनं टोचत जायचं. अर्थात हे रंगाच्या आधीचं काम, तुमचा हिरवा अजून मारायचा असेल तर आजच करून टाका.