एएमएच कमी आलंय, म्हणजे सगळं संपलं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई, दर महिन्याला तुमचं सदर वाचते पण आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. माझं वय 33, एका पतसंस्थेत कामाला आहे, मिस्टर सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, सुपरवायझर. लग्नाला चार वर्षं झाली, पहिली दोन-अडीच वर्षं आम्हीच थांबलो होतो कारण घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेले, आता 14 महिने ट्राय करतोय. पाळी रेग्युलर आहे, 26-27 दिवसांची, एखाद दिवस जरी पुढे गेली तरी मी मनात काय काय ठरवून टाकते आणि मग ऑफिसच्या बाथरूममध्ये कळतं. गेल्या महिन्यात एएमएच ही स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ताची टेस्ट केली, रिपोर्ट रात्री साडेदहाला मोबाइलवर आला, 0.68, शेजारी ठळक अक्षरात लो. मिस्टर नाइटला होते. मी अडीच वाजेपर्यंत वाचत बसले आणि वाचून वाचून हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की अंडी संपत आलीत, वेळ घालवू नका, आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी करून टाका, कदाचित डोनर एग म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज लागेल, आणि खर्चाचा कागद रिसेप्शनवर मिळाला. माझ्या आईची पाळी 42व्या वर्षी गेली, ते माझ्यात आलंय का? मिस्टरांची टेस्ट कुणी सांगितलीच नाही, ते म्हणतात होईल गं, टेन्शन नको घेऊ, आणि विषय बदलतात. सासूबाईंना काहीच माहीत नाही. संक्रांतीला जाऊबाईंच्या बाळाचं बोरन्हाण आहे, मागच्या वर्षी हळदीकुंकवाला एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी तुझ्याकडचं बोरन्हाण हं. मला या वर्षी तिथे उभंच राहवणार नाही. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुला अगं-तुगं करतेय, चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. पत्र दोनदा वाचलं. तू उत्तराची वाट बघत असशील म्हणून आधी तेच सांगते. नाही, संपलेलं नाही. 0.68 कमी आहे हे खरं, 33व्या वर्षी जास्त असायला हवं होतं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण हा आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न वेगळा, आणि रात्री अडीच वाजता तू त्याला विचारत होतीस तो वेगळा.

बघ, बाई आपली सगळी स्त्रीबीजं जन्मतानाच घेऊन येते. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमाराला ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मताना दहा-वीस लाख, पाळी येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात आणि आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे-पाचशे पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात, तू काही खाल्लंस किंवा खाल्लं नाहीस म्हणून नाही. अंडाशयात जे बारीक बारीक फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं ते फुगे, वाढायला लागलेले असतात त्यांच्यातून एएमएच हे हार्मोन येतं, म्हणून त्यावरून साठ्याचा अंदाज बांधतात. म्हणजे कणगीत धान्य किती उरलंय एवढं ते सांगतं. दाणा कसदार आहे का, पेरला तर उगवेल का, ते सांगत नाही. ते बरंचसं वयावर असतं, आणि तिथे तुझे 33 तुझ्या बाजूचे आहेत. दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागतं.

एएमएचचा खरा उपयोग आयव्हीएफमध्ये. इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील, डोस किती ठेवायचा, हे त्यावरून ठरवायला सोपं जातं. घरच्या घरी दिवस राहतील की नाही याचं भाकीत करायला ती टेस्ट बनलेलीच नाही. 2017 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, 30 ते 44 वयाच्या 750 बायका, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या. त्यात ज्यांचं एएमएच 0.7च्या खाली होतं त्यांची सहा पाळ्यांमध्ये दिवस राहण्याची शक्यता 65 टक्के निघाली आणि नॉर्मलवाल्यांची 62, म्हणजे फरक नाहीच. पण मला तुला खोटा धीर द्यायचा नाहीये म्हणून हेही सांगते, त्या बायकांना आधी वंध्यत्वाचा त्रास नव्हता आणि तुझे 14 महिने झालेत, त्यामुळे तो अभ्यास जसाच्या तसा तुला लावता येणार नाही. मात्र 14 महिने का लागले याचा सगळा दोष या एका आकड्यावर टाकता येत नाही एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आईचं विचारलंस ते बरं केलंस, पुष्कळ जणी हे सांगतच नाहीत. आईची पाळी लवकर गेली असेल तर लेकीची लवकर जाण्याची शक्यता वाढते, जाईलच असं नाही. पण एएमएच कमी आणि आईची पाळी 42ला, हे दोन्ही एकत्र धरलं तर मी तुला बघू पुढच्या वर्षी असं म्हणणार नाही. घाबरायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही, आपल्याकडे मधलं काही नसतं, एक तर रडारड नाहीतर होईल होईल. तुझी पाळी आधी 29-30 दिवसांची होती आणि आता 26वर आलीये का, आठवून लिहून ठेव. चॉकलेट सिस्टचं, म्हणजे अंडाशयातल्या जुनं रक्त साठलेल्या गाठीचं, ऑपरेशन झालंय का, पाळीत खूप दुखतं का, लहानपणी घरात कुणाला टीबी होता का, हेही डॉक्टरांना सांग. आपल्याकडे टीबीमुळे ट्यूब म्हणजे गर्भनलिका बंद झालेल्या बायका कमी नाहीत आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

आता मिस्टरांचं. माझ्या ओपीडीत एक मुलगी आली होती, तिने रिपोर्टची इतकी बारीक घडी घालून पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवला होता की टेबलावर उलगडला तर घडी नेमकी आकड्यावरून गेलेली, 0.5 आहे की 0.9 तेच वाचता येईना. नवऱ्याला दाखवलास का विचारलं तर तिने मान हलवली. तीन आठवडे एकटी ते घेऊन फिरत होती, आणि तो बिचारा खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसलेला. वर बोलावलं, दोघांना समोर बसवलं, त्याची टेस्ट लिहून दिली आणि त्याचा शुक्राणूंचा काउंट साठ लाखच आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एका मिलीला 1 कोटी 60 लाख आहे. म्हणजे ती तीन आठवडे जे एकटी स्वतःच्या माथी घेऊन बसली होती त्यात तिचा वाटा किती आणि त्याचा किती हे कुणी बघितलंच नव्हतं. ही टेस्ट सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, ना सुई ना दुखणं, आणि तरी आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा सगळ्यात आधी तुझ्या मिस्टरांची सीमेन म्हणजे वीर्याची टेस्ट, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तरी त्यावर निकाल लावायचा नाही, पुन्हा करायची. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर तो आता रिपोर्टमध्ये दिसतो. सायझिंगला बॉयलरजवळच्या उष्णतेत तासन् तास उभं राहावं लागत असेल तर तेही सांगायला हवं, आणि तंबाखू-मावा असेल तर तो बंद.

तुझ्या बाजूने, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयातले बारीक फॉलिकल्स मोजून घे. दोन्हीकडचे मिळून पाच-सातपेक्षा कमी असतील तर साठा खरंच कमी आहे, बऱ्यापैकी दिसले तर एएमएच पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे. त्याच दिवशी एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल या हार्मोन्सच्या रक्ताच्या टेस्ट, सोबत थायरॉइडची टीएसएच. त्या महिन्याचा रक्तस्राव थांबल्यावर ट्यूबचा डाय घालून एक्सरे, एचएसजी. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतेस का? काही मशीनवर त्याने एएमएच खोटंच कमी दिसू शकतं, गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी येतं. फोलिक ॲसिड सुरू नसेल तर आजच सुरू कर. एएमएच वाढवतो म्हणून कुणी डीएचईए किंवा अजून कसली पावडर दिली तर स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, डीएचईए हे हार्मोन आहे, ते टॉनिक समजून घ्यायचं नसतं.

एक अगदी साधी गोष्ट, तुला 26-27 दिवसांनी पाळी येते म्हणजे बीज साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी सुटतं. खूप जण चौदावा दिवस धरून बसतात आणि तोवर वेळ गेलेली असते, कारण बीज एक दिवससुद्धा धड टिकत नाही, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत वाट बघतात. तुझे दिवस आठव्यापासून तेराव्यापर्यंत. त्या आठवड्यात त्यांची नाइट येत असेल तर शिफ्ट बदलून घ्यायला सांग, कारण सांगायची गरज नाही.

आयव्हीएफला मी नावं ठेवत नाहीये. 1986च्या ऑगस्टमध्ये मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, तेव्हापासून कितीतरी घरांत पाळणा हलला त्याच्यामुळे. ट्यूब बंद निघाल्या किंवा त्यांचा काउंट फार कमी आला तर मीही तुला तेच सांगेन, आणि साठा बघता लवकर सांगेन. पण पाच मिनिटांत नाही, आणि नवऱ्याची टेस्ट न बघता तर मुळीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, दोघं मिळून जा, प्रश्न वहीत लिहून ने. मला आयव्हीएफ का, आधी काही महिने फॉलिकल बघत ट्राय किंवा आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, का नाही, तुमच्याकडे माझ्यासारख्या साठ्याच्या बायकांना किती बीजं मिळतात, एका सायकलचा औषधांसकट खर्च किती. 2021च्या कायद्यानुसार आयव्हीएफ सेंटरची नोंदणी असावीच लागते, नोंदणी क्रमांक विचार, त्यात लाजायचं काही नाही. डोनर एग हा फार पुढचा विषय आहे, तुझं स्वतःचं बीज एकदाही बघितलेलं नसताना तो शब्द तुझ्यासमोर टाकायला नको होता.

राहिलं घर. ते टेन्शन नको घेऊ म्हणतात तेव्हा बहुतेक तेही घाबरलेलेच असतात, पुरुषांना भीती बोलून दाखवायला कुणी शिकवलेलं नसतं. जेवणाच्या ताटावर किंवा झोपताना नको, बाहेर चालायला जा आणि रिपोर्ट मोबाइलवर न दाखवता कागदावर दाखव, म्हण की मला उपाय नकोय, मला एवढंच हवंय की तू हे माझ्याबरोबर वाच. सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवा, पण सांगायचं ठरलं तर ते लेकाने आईला सांगायचं, सुनेने नाही. आकडे सांगायची काही गरज नाही, आमची दोघांची तपासणी सुरू आहे, काही असलं की आम्हीच सांगू, एवढं पुरे. दोघांची हा शब्द तेवढा गाळू नका.

आणि बोरन्हाणाला नाही गेलीस तर काही बिघडत नाही गं. बाळासाठी हलव्याचे दागिने आदल्या दिवशी देऊन ये, त्याचा पापा घे, घरी ये. गेलीसच आणि काकूंनी पुन्हा विचारलं तर तिळगूळ हातावर ठेव आणि म्हण, काकू, हे नका ना विचारू. तेवढंच, हळू आवाजात. उद्धट दिसणार नाही, आणि दिसलं तरी चालेल. यापुढे रिपोर्ट रात्री आला तर उघडायचा नाही, सकाळी दोघांनी मिळून उघडायचा. झोप सलग दोन आठवडे येत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नको वाटायला लागलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, दिवसरात्र केव्हाही. सोनोग्राफीचा आणि त्यांचा रिपोर्ट आला की मला दोन्ही कळव, पुढचं तेव्हा बोलू.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात असते, 35 वर्षांची, तिचा असाच काहीतरी रिपोर्ट खराब आलाय असं जावयांकडून कळलं. मी रोज फोन करते, ऐकलेले उपाय पाठवते, नवसही बोलले आहे, पण ती चिडते आणि आता फोनच उचलत नाही. आईने काळजी करायची नाही का?
– एक आई, नाशिक

उत्तर : करायची हो, आईने नाही करायची तर कुणी करायची. पण उपाय पाठवणं आजपासून बंद करा. तुम्ही प्रेमाने पाठवता पण तिला प्रत्येक मेसेजमध्ये तू अजून हे केलं नाहीस एवढंच ऐकू येतं. नवस मनात राहू द्या, तो तिला फेडायला लावू नका. पस्तिशीला सहा महिने वाट बघून तपासण्या करायच्याच असतात आणि त्या ती करतेय, म्हणजे तिचं तिला कळतंय. ही गोष्ट तिने तुम्हाला सांगितलेली नाही, जावयांनी सांगितली, तेव्हा तिने स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका. फोन केलात तर आज डब्यात काय नेलंस ते विचारा, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं मात्र सांगू नका, अशा दिवसांत तेही लागतं. एखाद्या शनिवारी डिंकाचे लाडू किंवा तिला आवडतं ते काही घेऊन जा, रविवारी परत या, रिपोर्टचा शब्द काढू नका. तुम्ही निघताना ती म्हणाली की आई, पुढच्या मंगळवारी सोनोग्राफी आहे, येशील का, तर फक्त कितीला ते विचारा.